त्रेचाळीस लढती कुणाच्या?

मित्रांनो, मी एक जुना, संतापलेला खोका आहे. खेळाचा खोका. समोर काच, काचेखाली दोन दांडे आणि दहा बटणं, आणि काचेच्या आत दोन माणसं एकमेकांचा जीव जाईपर्यंत झुंजतात असा खेळ. आत्मवृत्त सांगायचं म्हणजे गोड आवाजात सुरुवात करावी अशी रीत आहे म्हणे. मला ते जमणार नाही. तीस वर्षं मी गप्प आहे. मला तोंड नाही, एक फाटका भोंगा आहे, आणि त्यातून ठोसे नि किंकाळ्या यापलीकडे काही निघत नाही. नाहीतर जे घडलं ते मी त्याच दिवशी ओरडून सांगितलं असतं.

माझ्या पोटातला खेळ परदेशी, पण अंग थेसालोनिकीच्या एका सुताराने ठोकलेलं. पठ्ठ्याने घाईघाईत माझं उजवं पाऊल आखूड ठेवलं आणि त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारून मला ट्रकात चढवलं. तसाच लंगडत मी व्होलोसला आलो. बंदराच्या मागच्या गल्लीत झीसिसचं खेळांचं दुकान होतं. अशा दुकानाला आमच्याकडे 'उडत्या तबकड्यांचं दुकान' म्हणतात. अगदी पहिले खेळ तबकड्या पाडायचे होते म्हणून ते नाव पडलं आणि चिकटलं. झीसिसने मला दाराजवळ उभं केलं, पुठ्ठा काढून पाचर ठोकली, काच पुसली आणि म्हणाला, "आता नीट उभा राहा, लेका."

आणि काय गर्दी व्हायची म्हणून सांगू! शाळा सुटली की पोरं दप्तरासकट माझ्यावर आदळायची. माझ्या खेळात आठ योद्धे होते. टकला जल्लाद होता, साखळीवाली बाई होती, दोन तोंडांचा भिक्षू होता. हरणारा गुडघ्यावर आला की जिंकणाऱ्याला शेवटचा वार करायला मिळायचा, आणि तो बरोबर लागला तर डोकं उडून छपराला आपटायचं. रक्ताच्या चिळकांड्या काचेपर्यंत यायच्या. पोरं नाचायची. गल्लीने माझं नाव 'खाटीक' ठेवलं होतं. "चल, खाटकाकडे जाऊ," असं पोरं म्हणायची, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

मग मोठी माणसं आली. शाळेच्या बाई आल्या, पाद्री आले, चार आया आल्या. हा खोका आमच्या पोरांना खुनी करणार, असं त्यांचं म्हणणं. पाद्रीबाबांनी माझ्याकडे बोट दाखवून सैतानाचं नाव घेतलं. झीसिस बिचारा साधा माणूस. त्याने माझं मागचं दार उघडलं आणि आतली एक छोटी कळ खाली केली. त्या कळीने रक्त बंद होतं. त्यानंतर आठवडाभर माझे योद्धे ठोसा बसला की पांढरा घाम गाळत होते. पोरं हसून हसून लोळायची. "झीसिसमामा, तुमच्या खाटकाला ताप आलाय का हो?" मग झीसिसने कळ पुन्हा वर केली आणि पाद्री दिसले की तेवढी खाली करायची, असा नेम धरला.

मी कुणाला खुनी केलं नाही. माझ्यासमोर उभी राहिलेली पोरं आज नळदुरुस्ती करतात, दात काढतात, मासे विकतात. रागाने बोलतोय, पण खरं बोलतोय.

आता मूळ गोष्ट. माझ्यासमोर दोन भावंडं यायची, सख्खी चुलत. दोघंही चौदा वर्षांची. आमच्याकडे नातवंडाला आजोबांचं नाव द्यायची पद्धत आहे, आणि यांच्या आजोबांचं नाव वायोस. म्हणून थोरल्या मुलाच्या पोराचं नाव वायोस, आणि धाकट्याला पोरगी झाली म्हणून तिचं नाव वाया. हसू नका! तुमच्या भाषेत वाया म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. आमच्याकडे ते ईस्टरच्या आदल्या रविवारी चर्चमध्ये वाटतात त्या पानांचं नाव आहे. त्या पानांच्या रविवारीच दोघांचा नामदिवस असतो, आणि नामदिवस आमच्याकडे वाढदिवसापेक्षा मोठा.

वायोस दंगेखोर, गोड बोलणारा. झीसिसचा त्याच्यावर इतका विश्वास की जेवायला जाताना दुकानाची किल्ली त्याच्याकडे द्यायचा. वाया मात्र लपूनछपून यायची. आमच्या दुकानात मुलीने पाऊल टाकायचं नाही, असा काही कायदा नव्हता. पण तिचा बाप स्टेर्गियोस होता, आणि त्याचा हात होता. गोदीत पोती उचलून तयार झालेला हात.

त्या पानांच्या रविवारी दुपारी सगळं व्होलोस खारवलेला मासा नि लसणाची चटणी खाऊन आडवं झालं होतं. आजोबांच्या घरी पाहुणे डुलक्या घेत होते. दोघं भावंडं तिथून सटकली, वायोसने दुकान उघडलं, आतून कडी लावली आणि माझा पडदा उजळला.

वायाने साखळीवाली बाई निवडली. आणि मग ती खेळली. मित्रांनो, माझ्यावर हजारो पोरं खेळून गेली, पण तसे हात मी पुन्हा पाहिले नाहीत. घाई नाही, आदळआपट नाही. समोरचा काय करणार हे तिला त्याच्या आधी कळायचं. माझे आठही योद्धे तिने एकदा लोळवले, दोनदा लोळवले. मध्येच वायोस दुसऱ्या दांड्यावर आला.

"थांब, तुला आता दाखवतो," तो म्हणाला.

"दाखव की. पण नंतर रडू नकोस."

अकरा वेळा तो हरला. बाराव्यांदा म्हणाला, "बास! माझी बोटं सुजली," आणि बाजूला होऊन लढती मोजायला लागला. सलग त्रेचाळीस लढती तिने जिंकल्या. चव्वेचाळिसावीत भिक्षूने तिला पाडलं. मग मी विक्रमांची यादी दाखवली आणि पहिल्या ओळीत नाव मागितलं. माझ्याकडे नावाला तीनच अक्षरांची जागा असते. तिने व, अ, इ अशी अक्षरं टाकली. लिपी माझी परदेशी, पण आमची ही तीन अक्षरं त्या लिपीतल्या अक्षरांसारखीच दिसतात, त्यामुळे सगळ्या गावाला ती वाचता येत होती. ओळ लखलखली. वाया दोन्ही हात तोंडावर धरून उड्या मारत होती.

आता त्या तीन अक्षरांकडे नीट बघा. आमच्या लिपीत वाया म्हणजे व-अ-इ-अ, आणि वायोस म्हणजे व-अ-इ-ओ-स. पहिली तीन वायामध्येही तीच, वायोसमध्येही तीच.

संध्याकाळी कुणीतरी स्टेर्गियोसच्या कानाला लागलं की तुझी पोरगी खेळांच्या दुकानातून बाहेर पडताना दिसली. तिला दंडाला धरून ओढत तो माझ्या दारापर्यंत आला. "आत होतीस की नाही? बोल!" ती म्हणाली, "नाही बाबा, देवाशपथ, चर्चमध्ये होते." त्याने तिच्या तोंडात मारली. काचेच्या दारातून मला सगळं दिसत होतं. तिचा ओठ फुटला आणि सणाच्या पांढऱ्या झग्यावर रक्त सांडलं. मित्रांनो, रक्त बंद करायची कळ माझ्या पोटात होती. त्या माणसाच्या अंगात तशी कळ कुठेच नव्हती. आणि शाळेच्या बाई, पाद्री, चार आया, त्या दिवशी कुणीही आलं नाही. अजून आलेलं नाही.

वायोस दुकानाच्या दारातच उभा होता. वायाने त्याच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. तो पुढे झाला. "काका, मी होतो आत! मीच खेळत होतो! या, दाखवतो, नाव लिहिलंय माझं!" स्टेर्गियोस आत आला, खिशातून चष्मा काढला, माझ्या काचेवर नाक टेकवून एकेक अक्षर वाचलं. व. अ. इ. "वायोस," तो म्हणाला. त्याचा राग एका क्षणात उतरला. "त्रेचाळीस? एकट्याने? शाबास रे वाघा!" आणि शेजारच्या दुकानातून त्याने वायोसला लिंबाचं सरबत पाजलं. ज्या गोष्टीसाठी पोरीचं तोंड फोडलं, त्याच गोष्टीसाठी पोराला सरबत! मी तिथे वीज खाऊन उभा होतो आणि माझ्या भोंग्यातून साधी शिवीही निघेना.

वायोसने त्या दिवशी बहिणीला वाचवलं, हे मी कबूल करतो. तेवढा तो चांगलाच वागला. पण दुसऱ्या दिवशी शाळेतली पोरं आली, त्यांनी ती ओळ पाहिली आणि त्याला खांद्यावर घेतलं. तो गप्प राहिला. आठवड्याने तो हसायला लागला. महिन्याने ती लढाई कशी झाली ते सांगायला लागला, आणि उन्हाळा संपेपर्यंत त्याच्या सांगण्यात त्याला त्या दिवशी ताप होता, डावा अंगठा मुरगळलेला होता, आणि तरी तो जिंकला होता. वाया कोपऱ्यात उभी राहून ऐकायची. मग ती यायचीच बंद झाली.

त्यानंतरची वर्षं थोडक्यात सांगतो, कारण ती आठवली की माझ्या तारा तापतात. जुगाराची यंत्रं पकडायला म्हणून सरकारने कायदा केला आणि त्यात आम्ही सगळेच सापडलो. दुकानं बंद झाली. झीसिसने मला गावाबाहेर आपल्या तेलाच्या कोठीत नेऊन ठेवलं. वर पोती, खाली उंदीर. दोन हिवाळे एक कोंबडी माझ्या बटणांवर अंडी घालत होती. जिथे योद्ध्यांचा आखाडा, तिथे खुराडं! पण झीसिस दर दोन-तीन वर्षांनी यायचा, मला वीज जोडायचा आणि पोटातली छोटी बॅटरी बदलायचा. विक्रमांची यादी त्या बॅटरीवर जगते. वीज गेली आणि बॅटरीही नसली की यादी पुसली जाते आणि कारखान्यातली नावं परत येतात. "तुझं डोकं शाबूत राहिलं पाहिजे, लेका," असं म्हणून तो दार लावायचा. माझ्या आयुष्यात माझी काळजी घेणारा तेवढा एकच.

आणि यंदाच्या मे महिन्यात वायोस आला. आता पोट सुटलेला, दाढी रंगवलेला. जुन्या खेळांची हल्ली हौस आली आहे म्हणे. त्याने बंदरावर सिपुरोचं, म्हणजे आमच्याकडच्या द्राक्षांच्या दारूचं, दुकान काढलं होतं, पेल्याबरोबर छोट्या बशीत खायला देतात तसं, आणि भिंतीलगत जुने खेळ. दुकानाचं नाव काय ठेवावं? 'त्रेचाळीस'! दारावर पाटी: 'अजिंक्य विक्रमवीर वायोस यांचे'. मला रंग दिला, दिवे लावले, मध्यभागी उभं केलं. झीसिसला बोलावून आतून तपासायला सांगितलं. झीसिस पंच्याहत्तरीचा झालाय, पण नजर तीच. बॅटरी पाझरायला लागली होती. तिच्यातलं पाणी माझ्या आतल्या विजेच्या तक्त्यावर उतरलं तर मी मेलोच असतो, म्हणून त्याने मी चालू असतानाच ती काढून टाकली.

"सोमवारी लारिसाहून नवी आणतो," तो म्हणाला. "तोवर याचा प्लग काढायचा नाही. काढलास तर यादी गेली. कळलं?"

"कळलं हो मामा. मी काय लहान आहे का?"

शनिवारी दुपारी उद्घाटन झालं. गावच्या वर्तमानपत्राचा माणूस आला, नातेवाईक आले, काठी टेकत स्टेर्गियोस आला. आणि वाया आली. ती पेलियॉनच्या डोंगरात बस चालवते. फेरी संपवून गणवेशातच आली होती. वायोस भाषण करत होता. ताप झाला, अंगठा झाला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग त्याच्याजवळ गेली.

"वायोस, आता सांग."

"काय सांगू?"

"तीस वर्षं झाली. या पाटीवर कुणाच्या लढती लिहिल्यास ते सांग. मला दुसरं काही नको. एवढं बोल, मी टाळ्या वाजवीन."

तो हळूच म्हणाला, "अगं, काय फरक पडतो? तू वाया, मी वायोस, घरातलंच नाव. आज माझा दिवस आहे, तमाशा नको करूस."

"मग खेळ माझ्याशी."

वर्तमानपत्राच्या माणसाने हे ऐकलं आणि त्याला आवडलं. "बहीण-भाऊ! वा! होऊन जाऊ दे!" वायोसला मागे सरता येईना.

तीस वर्षांनी ते हात माझ्या दांड्यावर आले. पहिल्या लढतीत ती अडखळली, बोटं जाड झालेली. तरी जिंकली. दुसरी जिंकली. तिसरीत ती तीच झाली, घाई नाही, आदळआपट नाही. चौथी, पाचवी, सहावी. दर वेळी वायोसच्या टकल्या जल्लादाचं डोकं छपराला आपटत होतं. लोक आधी हसत होते, मग कुजबुजायला लागले. कुणीतरी मागून ओरडलं, "काय विक्रमवीर, आज पण ताप आलाय का?" दुसरा म्हणाला, "अरे, याला तर दांडा धरता येत नाही, याने त्रेचाळीस कशा मारल्या?"

वायोसच्या कपाळावरून घाम गळत होता. सातवी लढत चालू होती. तो एकदम ओरडला, "जळतंय! मशीन जळतंय, वास येतोय!" आणि वाकून त्याने माझा प्लग खेचला.

"अरे, बॅटरी!" झीसिसने किंकाळी फोडली. "बॅटरी नाहीये त्यात, गाढवा!"

मी विझलो. झीसिसने प्लग परत लावला आणि मी उजळलो, तेव्हा माझ्या डोक्यात कारखान्यातली नावं होती. पहिल्या ओळीत कुणी परका, पाच लढती. तीस वर्षं, उंदीर नि कोंबड्यांतसुद्धा, ती एक ओळ मी जिवापाड जपली होती, आणि तिच्याच जोरावर दुकान थाटलेल्या माणसाने ती पुसली. मला तेव्हा खरंच जळायचं होतं.

वायाने ती यादी पाहिली. "गेल्या," ती म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "माझ्या होत्या त्या! त्रेचाळीस लढती माझ्या होत्या, मी जिंकल्या होत्या, तू शेजारी उभा राहून मोजल्यास!"

"मशीनच जुनं आहे, मी काय करू?" वायोस लोकांकडे बघून म्हणाला. "आणि मी तुला वाचवलं होतं त्या दिवशी. विसरलीस?"

"नाही विसरले. त्या दिवसाचे उपकार आहेत. पुढच्या तीस वर्षांचे कसले?"

तेवढ्यात मागे काठी आपटली. स्टेर्गियोस उठून उभा राहिला होता. ऐंशीचा म्हातारा, मान थरथरत होती. "कुठल्या दिवशी जिंकलीस म्हणालीस?"

"पानांच्या रविवारी, बाबा."

"म्हणजे तूच होतीस आत!" तो गरजला. "आणि मला म्हणालीस चर्चमध्ये होते! देवाची शपथ घेतलीस!"

"होते बाबा! मीच होते आत!"

"आणि तू रे!" काठी वायोसकडे वळली. "तुला मी सरबत पाजलं! माझ्या पैशाने!"

सगळं दुकान खदखदून हसलं. वाया हसली नाही. "सरबताचं राहू द्या, बाबा. तुम्ही माझा ओठ फोडला होतात." हसणं थांबलं. म्हाताऱ्याने नजर काठीच्या मुठीकडे वळवली. "ते आठवतं मला," एवढंच म्हणाला आणि खाली बसला. त्याने माफी मागितली नाही. मी वाट बघत होतो, पण त्याने मागितली नाही.

वर्तमानपत्राच्या माणसाने वहीतलं काहीतरी खोडलं. वायोस भिंतीला टेकून उभा होता. त्याला एका वाक्यात सगळं सांगून टाकता आलं असतं. त्याने तेही केलं नाही.

वाया माझ्याकडे वळली. एकटीच खेळायला लागली. पाच लढती ओलांडायच्या होत्या, तिने सहा जिंकल्या, आणि सातवीत दांडा सोडून देऊन साखळीवाल्या बाईला मरू दिलं. बसची पुढची फेरी होती तिला. मी पहिल्या ओळीत नाव मागितलं. सगळे मान उंचावून बघत होते. तिने व, अ, इ टाकलं नाही. तिने अ टाकला, मग इ, मग पुन्हा अ.

"हे कुणाचं नाव?" वायोसने विचारलं.

"माझ्याच नावाची शेवटची तीन अक्षरं," ती टोपी घालत म्हणाली. "यात तू बसत नाहीस. तुझी शेवटची तीन टाकून बघ, तुझ्या 'स'सारखं दिसणारं अक्षर या खोक्याच्या लिपीत नाहीच." मग ती झीसिसला म्हणाली, "मामा, सोमवारपर्यंत," आणि झीसिसने खुर्ची ओढली ती थेट माझ्या प्लगपाशी.

तेव्हा मित्रांनो, माझी विनंती ऐका. विनंती कसली, दम देतोय असं समजा. माझ्यासारख्या जुन्या खोक्यांच्या काचा पुसा, बॅटऱ्या बदला, आमच्यावर कोंबड्या बसवू नका. आमच्या लाल रंगाला भ्यायचं तर भ्या. पण कुठल्याही पाटीवर, कुठल्याही यादीत अर्धवट नाव दिसलं, तर ते समोर छाती काढून उभ्या असलेल्याचंच असणार, असं धरून चालू नका. कोपऱ्यात कोण उभं आहे ते बघा. तिच्याजवळ जा आणि विचारा. सरबत पाजायच्या आधी विचारा!